तांडेलाचा हात

आडशी बंदरात दोन वर्षांत दोन गोष्टी दिसेनाशा झाल्या. एक म्हणजे जेटीच्या कडेला कुजत पडणारी मेलेली चिल्लर मासळी. दुसरी म्हणजे बुडालेली माणसं.

पहिली गोष्ट सगळ्यांना दिसली आणि तिचा गाजावाजाही झाला. दुसरी कुणाच्या ध्यानात आली नाही. समुद्रात गेलेल्याची वाट त्याच्या घरचे बघतात, बंदर बघत नाही. हिरबा तांडेलाच्या ध्यानात ती आली तेव्हा त्याचा स्वतःचा जावई बुडून बारा दिवस झाले होते.

कल्पेश तिघांच्या छोट्या होडीवर होता. कार्तिकात अचानक वारा फिरला आणि होडी उलटली. दोघे पोहत खडकाला लागले, कल्पेश लागला नाही. त्या दिवसापासून हिरबा रोज दुपारी जेटीच्या टोकाला जाऊन बसे. आडशीचे एकवीस ट्रॉलर एकेक करून परत येत. प्रत्येक बोटीवरचा तांडेल त्याच्याकडे बघून मान हलवी आणि मग उगाच दोरीला हात लावी.

हिरबाने चाळीस वर्षं याच पाण्यात ट्रॉलर चालवला होता. खाडीच्या तोंडाबाहेर चिखलाची एक सपाट पट्टी आहे. कोळंबी तिथे असते, आणि ओहोटीची ओढ बुडालेल्यालाही तिथेच आणून टाकते. एकवीस जाळी तो तळ रोज अंगण झाडावं तसा झाडत होती. पूर्वी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या जाळ्यात माणूस येई. सहा दिवसांच्या वर कधी गेलं नव्हतं.

त्याबाबत आडशीची रीत जुनी होती. जाळ्यात माणूस आला की त्या दिवसाचं काम तिथेच संपायचं. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक वल्हं उभं बांधायचं आणि घराकडे वळायचं. किनाऱ्यावरून उभं वल्हं दिसलं की बायका पाण्याची कळशी घेऊन जेटीवर उतरायच्या. आणि ज्या तांडेलाने माणूस वर घेतला, तो त्या मेलेल्याचा घरचा व्हायचा. मेलेला शेजारचा असो की परमुलखातला, तांडेलाने दहा दिवस त्याचं सुतक धरायचं. देवळात जायचं नाही, घरात मंगलकार्य करायचं नाही.

दोन वर्षांत आडशीत कुणी वल्हं उभं केलं नव्हतं.

घरात प्रणाली, हिरबाची एकुलती एक लेक, गळ्यातलं मंगळसूत्र काढायला तयार नव्हती. दर्भाचा पुतळा करून कल्पेशचे विधी उरकू या, असं तिच्या सासरचे तीनदा येऊन सांगून गेले. तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "माणूस दाखवा. मग तुम्ही म्हणाल ते करते." मग ती बापाकडे बघायची. एवढी वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला हे कळायला हवं की कल्पेश गेला कुठे, असं तिच्या डोळ्यांत असे. हिरबा जेटीकडे निघायचा.

नसरीन मुकादम आडशीला पहिल्यांदा आली त्याला तीन वर्षं होत आली होती. पलीकडच्या खाडीतल्या मच्छीमाराची ही मुलगी मासळीवर शिकून डॉक्टर झाली होती. तिचा बाप कोळंबीच्या ट्रॉलरवर खलाशी होता. कोळंबीचं जाळं तळ खरवडत जातं. त्याचे डोळे बारीक, कारण कोळंबी बारीक. एक टोपली कोळंबी यायची तेव्हा तिच्याबरोबर सात-आठ टोपल्या नको असलेलं यायचं. बोटभर ढोमी, टिचभर सरंगे, लेपांची पिल्लं, खेकडे, कधी एखादं कासव. वर येईपर्यंत सगळं गुदमरून मेलेलं. खलाशी कोळंबी वेचायचे आणि बाकीचं फावड्याने समुद्रात लोटायचे. नसरीनने लहानपणी ते बघितलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

तिने केलेलं यंत्र म्हणजे जाळ्याच्या गळ्याशी बसवायचं एक मोठं कडं होतं. तळाशी पाणी इतकं गढूळ असतं की कॅमेऱ्याला हातभरही दिसत नाही. म्हणून हे कडं आवाजाने बघायचं. पोटातलं मूल बघायला डॉक्टर जो आवाज वापरतात, तशाच जातीचा. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. मांसातून तो पाण्यासारखा पार जातो आणि हाडावर, कवचावर, धातूवर आपटून मागे येतो. जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक जिवाचा सांगाडा कड्याला असा दिसे. पापणी लवायच्या आत ते ठरवी. कोळंबी असेल तर पुढे पिशवीत, नसेल तर डाव्या अंगाची झडप उघडे आणि पाण्याचा एक झोत त्या जिवाला अलगद बाहेर सोडी. जिवंत.

आता कड्याला ओळखायला शिकवायचं कसं? आडशीच्या पाण्यात पाचशेच्या वर जातींचे जीव. त्यांची यादी कोण करणार आणि नावं कोण देणार? नसरीनने नावांचा नादच सोडला. ती बंदरावर विचारत फिरली की मासळी सगळ्यात झटपट कोण निवडतं. सगळ्यांनी हिरबाचं नाव सांगितलं.

"तांडेलकाका, मला तुमचे हात हवेत," ती म्हणाली.

मग एक अख्खा हंगाम हिरबाच्या ट्रॉलरवर शिकवणी चालली. खाली कडं प्रत्येक जिवाचं आवाजाचं चित्र काढून ठेवी. वर डेकवर एक कॅमेरा हिरबाचे हात बघे. ठेवायचं ते उजवीकडे टोपलीत, सोडायचं ते डावीकडे समुद्रात. यंत्र खालचं चित्र आणि वरचा हात यांची जोडी लावी. नेहमीची मासळी ते हजार-हजार वेळा बघून शिकत होतं. पण कासवासारखं काही वर्षात एकदाच येतं, म्हणून नसरीनने अशी सोय केली होती की मोठं आणि दुर्मीळ काही आलं तर यंत्राने ते एकदाच बघून कायमचं लक्षात ठेवावं.

लवू हा हिरबाचा जुना खलाशी. तो म्हणायचा, तांडेल पन्नाशीत लेकीच्या पाटीवर अक्षरं शिकले आणि साठी उलटल्यावर मास्तर झाले, विद्यार्थी तेवढा लोखंडाचा मिळाला. हिरबा हसायचा. त्याला मनातून अभिमान होता. पुढच्या हंगामात सगळ्या ट्रॉलरांवर कडी बसली. टोपल्यांतून नुसती कोळंबी यायला लागली, धुऊन ठेवल्यासारखी. बंदरावर त्या यंत्राला कुणी यंत्र म्हणत नसे. तांडेलाचा हात म्हणत.

बाराव्या दिवशी नसरीन सांत्वनाला आली. पडवीत प्रणालीचा हात हातात घेऊन बसली. जाताना तिने पिशवीतून पाटीएवढी स्क्रीन काढली. एक गोष्ट तिला सुचली होती. कड्यांनी सोडलेल्या प्रत्येक जिवाची नोंद असते, पण लाखो नोंदी कुणी बघत नाही. कल्पेश बुडाल्यापासूनच्या मोठ्या आकाराच्या नोंदी तिने काढल्या होत्या. कासवं किती, ते तिला माहीत होतं. बाकी काय, ते तिला समजत नव्हतं, की समजून घ्यायचं नव्हतं.

हिरबाने स्क्रीन गुडघ्यावर घेतली आणि ओळीखाली बोट धरून, अक्षर जुळवत वाचलं.

इतर. लांबी पाच फूट सात इंच. हालचाल नाही. धातू, उजवीकडे, एक फूट. सोड.

खाली तशीच आणखी एक ओळ. दोन दिवसांनंतरची, दुसऱ्या बोटीची. त्याखाली तिसरी.

प्रणाली मागे उभी राहून वाचत होती. लग्नाआधी मोटरसायकलवरून पडून कल्पेशची उजवी मांडी मोडली होती. डॉक्टरांनी आत धातूची कांब घातली होती. थंडीत ती ठणकायची आणि प्रणाली शेकायला वाळूची पुरचुंडी करून द्यायची. तिने दाराची चौकट धरली.

तीन वेळा. तीन वेळा कल्पेश जाळ्याच्या तोंडापर्यंत आला होता, घरी यायच्या वाटेवर, आणि तीन वेळा झडप उघडून त्याला अलगद बाहेर सोडलं होतं.

नसरीनने स्क्रीन परत ओढून घेतली. ती पुन्हापुन्हा म्हणत होती की असं व्हायला नको, ओळखीचं नसेल ते यंत्राने ठेवायला हवं, तिने तसंच बांधलं आहे. अनोळखी काही आलं तर पिशवीत जातं आणि माणूस ठरवतो. सोडायचं ते सोडायला शिकवावं लागतं. तिने सगळ्या हंगामांतल्या तशा नोंदी मागवल्या. अकरा आल्या. वेगवेगळ्या बोटींच्या, वेगवेगळ्या महिन्यांतल्या. सगळ्यात खाली बारावी होती, शिकवणीच्या हंगामातली, हिरबाच्या बोटीची. तिच्यापुढे सोड नव्हतं. तिच्यापुढे लिहिलं होतं, शिकलं.

हिरबाला तारीख वाचायची गरज पडली नाही.

वैशाख होता. भर सकाळ, पाणी तेलासारखं शांत. जाळं वर आलं तेव्हा कोळंबीच्या ढिगात एक माणूस होता. अंगावर निळा शर्ट, पाय अनवाणी, डाव्या मनगटाला लाल दोरा. आडशीचा नव्हता. लवू मुकाट्याने वल्हं आणायला वळला, आणि हिरबाने त्याला थांबवलं.

चार दिवसांनी प्रणालीची हळद होती. मांडव पडला होता, कल्पेशकडची माणसं लांबून यायची होती. वल्हं उभं केलं असतं तर दहा दिवसांचं सुतक लागलं असतं आणि लग्न पुढे गेलं असतं. मुहूर्त त्या उन्हाळ्यातला शेवटचा होता. हिरबाने डेकवर गुडघे टेकले, त्या माणसाला हात जोडले आणि मनात म्हटलं की बाबा रे, माझ्या लेकीचं एवढं होऊ दे. मग त्याने त्याला उचललं आणि डावीकडे सोडलं. हलकेच, पाणी उडणार नाही असं.

कॅमेरा डोक्यावर होता. तो झाकावा असं त्याच्या मनातही आलं नाही. तराजू काय बघतो, तसं ते यंत्र काय बघणार, असं त्याला वाटलं. हिरबाने जोडलेले हातही यंत्राने बघितले असतील, पण त्यांचा अर्थ त्याला कुणी शिकवला नव्हता. त्याला फक्त उजवं आणि डावं कळत होतं. आलेली गोष्ट मोठी होती आणि दुर्मीळ होती. त्याने ती एकदाच बघून कायमची लक्षात ठेवली.

"मॅडम, तुमचं यंत्र बिघडलेलं नाही," हिरबा म्हणाला. "मी शिकवलं तेच करतंय."

आणि त्याने सगळं सांगितलं. लवूखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं ते, लेकीसमोर, थांबत थांबत. नसरीन मान खाली घालून ऐकत राहिली. त्या कॅमेऱ्याच्या चित्रफिती महिनेच्या महिने तिच्याकडे पडून होत्या, तिने उघडून बघितल्या नव्हत्या, हे तीही हळूच बोलली.

प्रणालीने विचारलं, "कधी सोडलंत त्याला?"

"हळदीच्या आधी चार दिवस."

"मला विचारायचंत." तिचा आवाज चढला नव्हता. "लग्न पुढे गेलं असतं तर गेलं असतं. कल्पेश काय पळून जात होता?"

ती आत गेली. त्यानंतर दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. जेवायला वाढायची आणि पाठ फिरवून बसायची. हिरबाला मात्र घरात, वाटेवर, सगळीकडे तो निळा शर्ट दिसू लागला. वाईट याचं नव्हतं की तो समोर येई. वाईट याचं होतं की तो काहीच मागत नसे. पाण्यात तोंड खाली करून, डावीकडे, डावीकडे जात राही.

तिसऱ्या दिवशी तो नसरीनला जाऊन भेटला आणि म्हणाला की शिकवलेलं पुसून टाका. नसरीनने सांगितलं की पुसता येत नाही. पिठात मीठ मिसळलं की वेगळं काढता येत नाही, तसं ते मिसळून गेलं आहे. यंत्रात माणूस असा शब्दच नाही, की अमुक सोडू नकोस म्हणून त्याला सांगावं. त्याला चित्र कळतं आणि हात कळतो. पहिल्या धड्यावर दुसरा धडा चढवायचा, एवढंच करता येईल. तोवर कडी काढून ठेवा म्हटलं तर जाळी पुन्हा सगळं मारत सुटतील. तिने रबराचा पुतळा करून बघितला होता. आवाजाला तो पोकळ दिसत होता, यंत्राकडच्या चित्राशी तो जुळत नव्हता. खरी हाडं हवीत, खरं मांस हवं. ती बोलता बोलता थांबली, कारण हिरबा सदऱ्याची बटणं सोडत होता.

सोळाव्या दिवशी, सकाळच्या भरतीला, त्याचा जुना ट्रॉलर जेटीजवळच्या उथळ पाण्यात नांगरला. कडं मागच्या पिशवीसकट बाजूने पाण्यात टांगलं. हिरबाच्या कमरेला दोर बांधला. हात कुणाचा, असा प्रश्न आला तेव्हा लवू पुढे झाला. त्याआधीच प्रणाली फळीवरून चालत बोटीवर आली. आडशीतल्या बायका ट्रॉलरवर पाय ठेवत नाहीत. लवूने वाकून फळी धरली.

"उजवीकडे म्हणजे ही बाजू ना?" तिने नसरीनला विचारलं.

हिरबाला छातीतली सगळी हवा सोडून कड्यातून सैल वाहत जायचं होतं. मेलेल्याच्या छातीत हवा नसते. काळीज तेवढं थांबवता येणार नव्हतं. नसरीन म्हणाली, त्याला इलाज नाही, यंत्र तेवढं समजून घेईल.

तो पाण्याखाली गेला. आवाज काही ऐकू आला नाही. झडप मात्र उघडली. पाण्याच्या झोताने त्याला कुशीला धरलं आणि बाहेर ढकललं. ढकललं म्हणणंही बरोबर नाही. झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा इतकं ते हळुवार होतं. हिरबाला आपला हात ओळखू आला. त्या निळ्या शर्टाला त्याने असंच सोडलं होतं. कल्पेशला तीन वेळा असंच सोडलं होतं.

लवूने दोर ओढून त्याला डेकवर घेतलं. तो डोळे मिटून, श्वास दाबून पडून राहिला. डोक्यावर कॅमेरा होता. प्रणालीचे हात त्याच्या खांद्याखाली आले आणि तिथेच थांबले. किती वेळ, कोण जाणे. तिच्या मनात काय चाललं होतं ते त्याने पुढेही कधी विचारलं नाही. तिच्या एका बाजूला समुद्र होता आणि एका बाजूला अंथरलेली चादर. मग तिने दम घेऊन त्याला उजवीकडे ओढलं आणि चादरीवर ठेवलं.

"पुन्हा," ती म्हणाली.

नऊ वेळा झडप उघडली. दहाव्या वेळी ती अर्धी उघडून थबकली. हिरबाचे ओठ काळे पडले होते, लवू पुरे म्हणत होता, नसरीनही म्हणत होती. हिरबा प्रणालीकडे बघायचा आणि प्रणाली दोर त्याच्या कमरेला पुन्हा नीट करायची. चौदाव्या वेळी तो कड्यातून गेला आणि काहीच झालं नाही. झडप बंद राहिली. तो सरळ पिशवीत जाऊन पडला, जाळ्याने त्याला चहूबाजूंनी धरलं आणि त्या अंधाऱ्या पाण्यात हिरबाला रडू फुटलं.

वर स्क्रीनवर एकच शब्द आला होता. ठेव.

संध्याकाळपर्यंत तो धडा एकवीसही कड्यांना पोचला.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी जेटीवरच्या एका म्हातारीने हात डोळ्यांवर धरून बघितलं आणि कळशी मागितली. सर्वेशच्या ट्रॉलरवर वल्हं उभं होतं. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलींना त्याचा अर्थ सांगावा लागला. प्रणाली सगळ्यांच्या पुढे उतरली. तिने चादरीचं टोक उचललं, बघितलं आणि टोक खाली ठेवलं. माणूस बुटका होता, अंगावर कुठल्याशा मोठ्या जहाजावरचा कामाचा पोशाख होता. तिने कळशी खाली ठेवली नाही. दोन्ही हातांनी धरून त्याच्या पायांवर पाणी घातलं.

पोलिसांना फोन झाला. सर्वेश नाळेपाशी उभा होता. पंचविशीचा पोरगा, नवा तांडेल. त्याचं तोंड उतरलं होतं.

"रविवारी मुलीचं बारसं आहे, काका," तो हिरबाला म्हणाला. एवढं असूनही त्याने वल्हं उभं केलं होतं.

"बारसं कर," हिरबा म्हणाला. "सुतक माझं."

त्या हंगामात आणखी पाच वेळा वल्हं उभं राहिलं. इतकी माणसं तिथे होती हे आडशीला माहीत नव्हतं. काहींचं नाव लागलं, काहींचं लागलं नाही. कुठलीही बोट असो, जेटीवर हिरबा पुढे होई आणि तेच म्हणे. एकाचे दहा दिवस सरायच्या आत दुसरा येई. गावच्या देवळाची पायरी तो चढला नाही, पालखी दारावरून गेली तेव्हा मागच्या अंगणात बसून राहिला. लोकांनी आधी समजूत काढली, मग सोडून दिली.

कल्पेश आला नाही. प्रणालीच्या गळ्यात मंगळसूत्र अजून आहे.

फाल्गुनात, सहाव्या माणसाचे दिवस संपले त्या दुपारी, तिने बापाचं सुतकासाठी पडवीत वेगळं ठेवलेलं ताट पुन्हा स्वयंपाकघरात मांडलं. हिरबाने ते उचलून आपल्या हाताने पडवीत आणलं. ती दारात उभी राहून बघत राहिली.

"त्या पहिल्याचं सुतक धरलंत का कधी, बाबा?" तिने विचारलं. "निळ्या शर्टवाल्याचं?"

"त्याचंच चाललंय, बाय," हिरबा म्हणाला.

प्रणालीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. बोटी परत यायची वेळ झाली होती. तिने कळशी कडेवर घेतली आणि जेटीकडे निघाली.